खफजीची चिठ्ठी : पांडूच्या हिरड्या

फेब्रुवारी सरला की आमच्या गावात दोन गोष्टींचं पीक येतं : धुळीची वादळं आणि मांजरांची पिल्लं. वादळांचं रडगाणं या सदरात आमचं यापूर्वीच गाऊन झालं आहे. पिल्लांवर लिहा, अशी फर्माईश मात्र मागचा अंक हाती पडल्यापासून तीन-चार घरांतून आली. सगळीकडे गोष्ट साधारण एकच. मुलं कंपाउंडच्या भिंतीपाशी खेळायला जातात, येताना शर्टाच्या ओच्यात एखादं पिल्लू घेऊन येतात, घरात दोन दिवस आनंदीआनंद असतो, आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो, "अहो, ते काही खात नाही, नुसतं झोपतंय." हे 'नुसतं झोपतंय' आम्ही चांगलंच ओळखतो. म्हणून यंदाची चिठ्ठी त्यावरच.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. खफजी म्हणजे सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातलं, कुवेतच्या हद्दीला जवळजवळ टेकलेलं समुद्रकाठचं तेलगाव. दमाम इथून सुमारे ३०० किलोमीटर. १९६० साली एका जपानी कंपनीला इथल्या समुद्रात तेल लागलं, १९९१ च्या जानेवारीअखेरीस इथे लढाई झाली, २००० साली जपान्यांचा करार संपला. एवढं सोडलं तर गावात फारसं काही घडत नाही, आणि त्यामुळे मांजर व्यायली तरी चार घरांत बातमी होते.

मांजरं मात्र उदंड. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी, आणि तिच्या झाकणावर एक तरी बोका पहारेकऱ्यासारखा बसलेला. इकडच्या बोलीत मांजराला 'गत्वा' म्हणतात. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांच्या नावाचा अर्थच मुळी 'मांजराच्या पिल्लाचा बाप' असा आहे. त्यामुळे मांजर दारात आलं म्हणून कुणी सहसा हाकलत नाही. पाण्याची वाटी, उरलेला भात, माशाचं डोकं असं काहीबाही कुणीतरी ठेवतंच. पण वाटीभर पाण्याने पिसवा जात नाहीत, आणि आमचा आजचा विषय पिसवा हाच आहे.

वाळवंटात पिसवा कुठून आल्या, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं होतं. उघड्या वाळूत, उन्हात, पिसवांची अंडी आणि अळ्या टिकत नाहीत. कोरडी हवा आणि ३५ अंशांच्या वरची उष्णता त्यांना सोसत नाही. पण खफजी समुद्रकाठी आहे, हवेत दमटपणा असतो. शिवाय एसीच्या बाहेरच्या यंत्राखाली सतत पाणी ठिबकतं, तिथे सावली असते, ओल असते, आणि नेमकी तिथेच मांजर वितं. म्हणजे आपणच त्यांची सगळी सोय करून ठेवलेली.

२०२४ चा मार्च. रमझानचा पहिला आठवडा, म्हणजे गाव दिवसा झोपलेलं आणि रात्री जागं. आमच्या एसीच्या यंत्राखाली दोन पिल्लं सापडली, एक काळं आणि एक फिकट पिवळं. आई दोन दिवस दिसली नव्हती, असं वॉचमनचं म्हणणं. काळं पिल्लू त्याच पहाटे गेलं. त्याला काय झालं होतं हे कळायच्या आतच गेलं. पिवळं उरलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर ४१० ग्रॅम भरलं, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीहूनही कमी. अंगाला हात लावला तर गार. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. ओठ जरा उलटून पाहिला, तर हिरडी सोललेल्या लसणीच्या पाकळीसारखी पांढरी.

आमची एक भाची परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकली. जवळच ते प्राण्यांचं जुनं इस्पितळ, बाई साकरबाई पेटिटांच्या नावाचं, ज्याला अजूनही लोक बैलघोड्याचं हॉस्पिटल म्हणतात. तिला हिरडीचा फोटो पाठवला. मिनिटाभरात तिचाच फोन. "मामी, त्याच्या पाठीवरचे केस मागे सार. काळ्या मिरीची भरड शिंपडल्यासारखं काही दिसतंय का?" दिसत होतं. "ती भरड ओल्या टिश्यूवर घे." घेतली. काळे कण हळूहळू लालसर तपकिरी होऊन पसरले. "ते पिल्लाचंच रक्त आहे," भाची म्हणाली. "पिसवांनी पिऊन बाहेर टाकलेलं."

आपल्याकडे पिसू म्हणजे किरकोळ, खाजवून सोडून द्यायची गोष्ट. खरं तर महाराष्ट्राने तरी पिसवेला किरकोळ समजू नये. १८९६-९७ च्या प्लेगने मुंबई-पुणे उजाड केलं, पुण्यात रँडचा वध झाला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, ते सारं उंदरावरच्या पिसवेचं कर्तृत्व होतं. पण त्या वेळी ते कुणाला ठाऊक नव्हतं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत ते दाखवून दिलं, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. मांजराची पिसू वेगळ्या जातीची. तिचा प्लेगशी फारसा संबंध नाही, ती नुसतं रक्त पिते. पण पिल्लाला तेवढंच पुरतं.

हिशोब करून पाहा. मांजराच्या अंगात किलोमागे साधारण ६० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे आमच्या ४१० ग्रॅमच्या पाहुण्याच्या अंगात अवघे २५ मिलिलिटर, औषधाचे पाच चमचे. अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजून ठेवलं आहे की पिसवेच्या ७२ माद्या मिळून दिवसाला १ मिलिलिटर रक्त पितात. आठवडाभरात पाच चमच्यांतला सव्वा ते दीड चमचा गेला. मोठं मांजर जिभेने आणि दातांनी पिसवा टिपून खातं आणि गेलेलं रक्त भरूनही काढतं. पिल्लाला ना नीट चाटता येतं, ना त्याच्या अंगात लोहाचा साठा असतो. आईच्या दुधात लोह कमीच. रक्त बाहेर जातं ते लोह घेऊनच जातं, त्यामुळे नवं रक्त करायला कच्चा माल नाही. याला म्हणायचं रक्तक्षय, आपल्या जुन्या वैद्यांचा पांडुरोग. कन्येने तेवढं एकच ऐकलं आणि पिल्लाचं नाव पांडू ठेवून टाकलं. पुढे तो पांडू नसून भाटी निघाली, पण नाव राहिलं ते राहिलं. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' पाहिलेल्या पिढीला घरात 'पांडू' अशी हाक ऐकून अजून हसू येतं.

भाचीने क्रम सांगितला : आधी ऊब, मग साखर, मग पिसवा. हा क्रम आम्ही इथे मुद्दाम देतो आहोत, कारण बहुतेक घरांत पहिली धाव दुधाच्या वाटीकडे जाते. गार पडलेल्या पिल्लाचं पोट चालत नाही. त्याला पाजलेलं आतच सडतं, नाहीतर श्वासनलिकेत जातं. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून, त्यावर पिल्लू, वरून आणखी एक टॉवेल. पिशवी अंगाला थेट लावायची नाही, आणि पिल्लाला नको झालं तर सरकायला खोक्यात जागा ठेवायची. अर्ध्या-पाऊण तासाने कान कोमट लागले तेव्हा साखरेच्या पाण्याचं बोट हिरडीवर फिरवलं. त्याने ते चाटलं. आमच्या घरात त्या क्षणी जो जल्लोष झाला तो मुलीच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग पिसवा. इतक्या लहान पिल्लाला बाजारातलं कुठलंही औषध आपल्या मनाने लावायचं नाही, असं भाचीने बजावलं होतं. विशेषतः कुत्र्यांचं तर मुळीच नाही. त्यातलं परमेथ्रिन कुत्र्याला चालतं, पण मांजराला झटके येऊन ते मरतं. तेव्हा उपाय एकच, आणि तो आपल्या प्रत्येक मुलीवाल्या घरात असतो : लिखा काढायची बारीक दातांची फणी. कोमट पाण्यात भांड्याच्या सौम्य साबणाचे दोन थेंब, एवढ्यावर अंघोळ. पण सुरुवात मानेपासून. मानेभोवती साबणाच्या फेसाचं कडं आधी करून घ्यायचं, नाहीतर अंग भिजू लागलं की सगळ्या पिसवा डोळ्यांकडे आणि कानांकडे धावतात. पाच मिनिटांत आटपायचं, पुसायचं, लांबून केस सुकवायचं यंत्र धरायचं, पुन्हा उबेत. पुढे फणी. निघालेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवायची. नखावर चिरडायला जाल तर ती हातातून उडते. मोजदाद कन्येकडे होती. ६३ झाल्यावर तिने मोजणं सोडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा इफ्तार उरकल्यावर गावातले पशुवैद्य बसले. हे गृहस्थ सुदानचे, आणि त्यांचा सगळा दिवस मेंढ्या, शेळ्या आणि उंटांत जातो. मांजर घेऊन आलेलं कुटुंब पाहून ते जरा गालात हसले. पण त्यांनी पांडूची हिरडी पाहिलीच नाही. अंगठ्याने खालची पापणी ओढून आतली बाजू पाहिली. का, ते त्यांनीच सांगितलं. मेंढ्यांच्या पोटातला एक जंत असंच रक्त पितो, आणि कळपातल्या शंभर मेंढ्यांचं रक्त कोण तपासणार? म्हणून दक्षिण आफ्रिकेत पापणीच्या रंगाचा पाच छटांचा तक्ता काढला, लालपासून पांढऱ्यापर्यंत. तो त्यांच्या डोळ्यांत इतका बसलेला की मांजरापुढेही हात आपोआप पापणीकडे गेला. "पाच नंबर," ते म्हणाले. म्हणजे सगळ्यांत वाईट.

त्यांनी काचेच्या केसासारख्या नळीत थेंबभर रक्त घेऊन यंत्रात फिरवलं. नळीत तांबड्या पेशी खाली बसतात आणि त्यांचा भाग मोजता येतो. मोठ्या मांजरात तो तिसाच्या वर असतो, पिल्लांत थोडा कमी. पांडूचा १४ आला. इथे खरा पेच पडला. १२ च्या खाली गेलं किंवा श्वास तोंडाने घेऊ लागलं तर रक्त देण्यावाचून इलाज नाही, आणि ती सोय दमाम-खोबरकडच्या मोठ्या दवाखान्यांतच. शिवाय मांजरांनाही रक्तगट असतात, ए आणि बी, क्वचित एबी. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त दिलं तर जीवच जातो, म्हणजे दारातलं दुसरं मांजर धरून रक्त देता येत नाही. रात्री तीनशे किलोमीटर गाडीत न्यावं, की इथेच ठेवावं? डॉक्टरांनी भीडभाड न ठेवता सांगितलं : प्रवासाचा ताण हाही धोकाच आहे. श्वास शांत आहे, साखर चाटते आहे, पिसवा थांबल्या तर ती स्वतः रक्त करील. रात्रभर लक्ष ठेवा, श्वास मोजा, बिघडलं तर निघा. त्यांनी वजन पाहून, अगदी लहान पिल्लांना चालणारं औषध हातमोज्यावर घेऊन स्वतः तिच्या अंगाला पुसलं आणि लोहाचे थेंब मोजून दिले.

गाडीत पेट्रोल भरून ठेवलं. पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, दमामच्या दवाखान्याचा नंबर, सगळं दाराशी. आणि खोक्याशेजारी आळीपाळीने बसलो. झोपलेल्या पिल्लाचा श्वास मिनिटाला तीसच्या आसपास असला तर बरं, चाळीसच्या पुढे चढत गेला तर वाईट. रात्री एकला ४४, तीनला ४६. सहरीच्या वेळेला बाहेर गाड्यांचे आवाज सुरू झाले तेव्हा ३८. गाडी काढावी लागली नाही.

दरम्यान सल्ल्यांचा पाऊस सुरूच होता. सांगलीहून आजींचा फोन, "कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने पूस गं, आणि खोक्यात डांबराच्या दोन गोळ्या टाक." शेजारणीने नीलगिरीचं तेल सुचवलं. एका मित्राने आठवण करून दिली की लहानपणी गावाला गुरांच्या अंगाला रॉकेल लावत. सगळ्यांचा जीव तुटत होता, हे आम्हाला कळत होतं. पण मांजर लावलेलं सगळं चाटतं, आणि त्याचं यकृत आपल्यासारखं चालत नाही. डांबराच्या गोळ्या, कापूर, नीलगिरी, रॉकेल, सगळंच त्याला विष. कणकण वाटते म्हणून आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळीही त्याच्या तांबड्या पेशी नासवते, जीव घेते. आणि आपल्या मराठी घरांतली खास गोष्ट म्हणजे कांदा-लसूण. रस्सा उरला, भातात कालवून मांजराला घातला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. कांदा-लसणीने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्याने तो दोष जात नाही. धडधाकट मांजर थोडंसं पचवून नेत असेल, पण ज्याच्या अंगात मुळात रक्त नाही त्याला फोडणीचं वरण घालणं म्हणजे पिसवांना मदत करणं. आजींना आम्ही एवढंच सांगितलं की डॉक्टरांचं औषध चालू आहे. "चालू दे मग," त्या म्हणाल्या, "पण रात्री एकदा मीठमोहऱ्या ओवाळून टाक." तेवढं मात्र केलं. त्याने अपाय होत नाही.

खाणं साधं होतं. कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून, मीठही न घालता, मिक्सरमधून पेजेसारखी पातळ केलेली, दर दोन-तीन तासांनी चमचाभर. गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, आणि जुलाब म्हणजे अंगातलं होतं नव्हतं ते पाणीही गेलं. पिल्लांच्या दुधाच्या भुकटीचा डबा दमामहून येणाऱ्या एका स्नेह्याने आणला. लोहाचे थेंब ठरल्याप्रमाणेच. घरात आपलं रक्तवाढीचं टॉनिक असतं, पण ते अंदाजाने चमच्याने पाजण्याचा मोह टाळावा. लोह जास्त झालं तर तेही विषच.

पाचव्या दिवशी पांडूने पंजा चाटून तोंड पुसलं. भाचीला कळवलं तर ती म्हणाली, हाडांच्या मगजातून नव्या पेशी बाहेर पडायला साधारण इतकेच दिवस लागतात. आठवड्याने नळीतला आकडा १९, तीन आठवड्यांनी २६, वजन ७२० ग्रॅम. मधेच तिच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही हललं. घाबरून जाऊ नका, ती पट्टकृमीची पेरं असतात. पिसवा चाटताना त्यांच्यातूनच तो जंत पोटात जातो. जंताचं औषध डॉक्टरांनी वजन वाढल्यावरच दिलं. सुदानी डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत पुन्हा पापणी ओढली आणि दोन बोटं दाखवली. दोन नंबर. पैसे मात्र त्यांनी पहिल्या भेटीचेच घेतले.

आता घराकडे. अंगावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण संसाराच्या पाच टक्के, बाकीचा पंचाण्णव टक्के अंडी, अळ्या आणि कोश होऊन गालिच्यात, सोफ्याच्या फटीत आणि पलंगाखाली असतो. एक मादी ऐन भरात दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते आणि ती मोहरीसारखी घरभर घरंगळतात. इकडच्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा, म्हणजे त्यांची चंगळ. आम्ही महिनाभर रोज व्हॅक्यूम फिरवला आणि पिशवी लगेच बाहेरच्या पेटीत टाकली. चादरी, टॉवेल आणि खोक्यातलं अंथरूण ६० अंशांच्या पाण्यात धुऊन गच्चीवर वाळवलं. खफजीच्या उन्हाचा आम्हाला एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

कोश मात्र चिवट. आतली पिसू महिनेन्‌महिने वाट पाहते, आणि जमिनीला हादरा बसला, उबदार श्वास जवळ आला की बाहेर उडी मारते. आपण आखाती मंडळी उन्हाळ्यात दीड-दोन महिने घर बंद करून भारतात जातो. परत येऊन बॅगा टेकतो न टेकतो तोच पोटऱ्यांवर लाल गांधी उठतात, आणि आपण म्हणतो, घर बंद होतं तरी पिसवा कशा झाल्या! त्या झाल्या नाहीत, तुमची वाट पाहत होत्या. तेव्हा मांजर पाळलं असेल, किंवा मुलांनी चार दिवसांपुरतं पिल्लू आणलं असेल, तर जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे रोज व्हॅक्यूम फिरवा, आणि मांजराला त्याच्या वजनाचं पिसवांचं औषध डॉक्टरांकडून दर महिन्याला लावून घ्या.

ज्यांना दोन वर्षांत कायमचं परत जायचं आहे त्यांनी पिल्लू आणण्यापूर्वी पुढचा विचार करावा, एवढं आम्ही स्पष्टच म्हणतो. नोकरी संपली की सोफा विकतात, गाडी विकतात आणि मांजराला पेटीपाशी सोडतात. घरात वाढलेल्या मांजराला पेटीवर जगता येत नाही. आमच्या गल्लीत अशी तीन आली, आम्हाला माहीत असलेली.

पांडू आता सव्वातीन किलोची आहे, तिचं ऑपरेशन झालं आहे, आणि एसीच्या यंत्राकडे ती ढुंकून पाहत नाही. यंदाच्या सुट्टीत ती शेजारच्या केरळी नर्सबाईंकडे राहील. किल्ली, खाणं, औषधाची तारीख आणि लिखांची फणी त्यांच्या हवाली केली आहे. फणी कशाला, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना सगळी गोष्ट सांगावी लागली, आणि ती ऐकता ऐकता त्यांनी पांडूचा ओठ उलटून हिरडी पाहूनही घेतली.